निर्वासितांविषयीचा मजकूर तपासून कसा वाचावा

निर्वासितांना आसरा द्यावा की नाही याविषयीचे लोकमत युक्तिवादाने घडते असे आपण मानतो. पण युक्तिवादाला तोंड फुटण्यापूर्वीच वापरलेल्या नावांनी, प्रतिमांनी आणि आकड्यांच्या मांडणीने ते बरेचसे घडून गेलेले असते. बातमी, निवडणुकीतील भाषण, व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर किंवा एखाद्या मदतसंस्थेचे आवाहन समोर आले की त्यातील मन वळवणारी भाषा कशी ओळखावी आणि कशी तपासावी, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन मर्यादित आहे. वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्यांना आणि वक्तृत्व स्पर्धांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना ते वर्गात वापरता येईल. इतरांना एखादा मजकूर पुढे पाठवण्याआधी उपयोगी पडेल.

पद्धत मुळात एकच आहे. मजकुरात जे उघड न सांगता सुचवलेले असते, ते आपण स्वतः कागदावर पूर्ण वाक्यात, विधान म्हणून लिहून काढायचे. सूचनेला खरेखोटे ठरवता येत नाही, विधानाला येते. पुढे जे सांगितले आहे ते हे लपलेले विधान कुठे सापडते आणि बाहेर काढल्यावर ते कशावर घासून पाहायचे, याविषयी आहे.

नावापासून सुरुवात

मजकुरात त्या माणसांना काय म्हटले आहे, ते पहिल्या वाचनात अधोरेखित करा: निर्वासित, शरणार्थी, स्थलांतरित, विस्थापित, घुसखोर. एकाच लेखात नाव बदलत असेल तर ते कुठल्या वाक्यापासून बदलते, हेही पाहा. बहुतेक वेळा लेखकाचा कल तिथेच उघडा पडतो.

नाव तपासण्यासाठी कायद्याची थोडी माहिती लागते. निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने जी व्यक्ती आपल्या देशाबाहेर आहे आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ शकत नाही, ती या कराराप्रमाणे निर्वासित ठरते. मूळ करार १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता. १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली. कलम ३१ प्रमाणे छळाच्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि विनाविलंब अधिकाऱ्यांपुढे हजर झालेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशासाठी शिक्षा करता येत नाही, आणि कलम ३३ त्याला जिवाचा धोका असलेल्या ठिकाणी परत पाठवण्यास मनाई करते. म्हणजे परवान्याशिवाय सीमा ओलांडणे आणि निर्वासित असणे या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे लक्षात ठेवले की ‘ते निर्वासित नाहीत, बेकायदा आलेले आहेत’ या वाक्यातील विरोध आपोआप विरघळतो.

भारताने या दोन्ही करारांवर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे आपल्या सार्वजनिक चर्चेत या नावांना नेमकी कायदेशीर चौकट नाही आणि राजकारणाला त्यांत मोकळे रान मिळते. रोहिंग्यांचे उदाहरण घ्या. म्यानमारचे सरकार त्यांना ‘बंगाली’ म्हणते, म्हणजे ते मुळात म्यानमारचे नव्हेतच असे सुचवते. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात गेले. बांगलादेशचे सरकार त्यांना निर्वासित न म्हणता ‘बळजबरीने विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ म्हणते, म्हणजे ते कधीतरी परत जातील आणि जबाबदारी म्यानमारचीच आहे असे सुचवते. भारत सरकारने त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात त्यांचा उल्लेख बेकायदा स्थलांतरित असा केला. माणसे तीच, आणि तिन्ही नावांत पुढच्या धोरणाची तरतूद आधीच करून ठेवलेली.

तेव्हा ‘घुसखोर’ हा शब्द वाचला की त्याचे विधान असे लिहावे: या व्यक्तींना त्यांच्या देशात छळाची भीती नव्हती आणि त्या दुसऱ्याच हेतूने चोरून आल्या. आता पुरावा शोधता येतो. कधी तो सापडतो, कधी नाही. ‘निर्वासित’ या शब्दाचेही असेच विधान लिहावे आणि त्यालाही पुरावा मागावा. कामाच्या शोधात सीमा ओलांडणारा माणूस केवळ गरीब आहे म्हणून या व्याख्येत बसत नाही. अल जझीराच्या इंग्रजी वाहिनीने ऑगस्ट २०१५ मध्ये भूमध्य समुद्रातील घटनांच्या संदर्भात ‘स्थलांतरित’ हा शब्द वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा या शब्दाला तुच्छतेची छटा आली आहे असे तिचे म्हणणे होते. त्या निर्णयामागची भावना समजण्यासारखी आहे, पण होड्यांमधल्या सगळ्यांना सरसकट एकच नाव देण्याची अडचण त्याने सुटत नाही, असे मला वाटते.

प्रतिमा कोणता उपाय सांगते

मराठी वाचकाला ‘लोंढा’ हा शब्द नवा नाही. मुंबईत परप्रांतातून येणाऱ्यांविषयी तो अनेक दशके वापरला गेला आहे आणि तिथून तो सहजच निर्वासितांच्या बातम्यांत येतो. त्याच्या शेजारी पूर आणि ओघही असतात. पाण्याच्या या प्रतिमेत माणसे मोजता येत नाहीत, त्यांना चेहरा नसतो, कारण नसते; उपायही एकच उरतो, तो म्हणजे बांध घालणे. कीटकांच्या प्रतिमेचा उपाय याहून भयंकर असतो. जुलै २०१५ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी भूमध्य समुद्र ओलांडून येणाऱ्यांसाठी कीटकांच्या थव्याला वापरला जाणारा इंग्रजी शब्द वापरला आणि त्यावर बरीच टीका झाली. २०१८ मध्ये भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी राजस्थानातील सभेत बांगलादेशी घुसखोरांना वाळवीची उपमा दिली. वाळवीशी कोणी वाटाघाट करत नाही, तिची कैफियतही ऐकत नाही.

प्रतिमांचा परिणाम खरोखर होतो का? पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका शहरातील वाढत्या गुन्हेगारीचे वर्णन काही जणांना हिंस्र पशू म्हणून आणि काहींना विषाणू म्हणून वाचायला दिले होते. पशूची प्रतिमा वाचलेल्यांनी पोलीस आणि तुरुंग यांवर अधिक भर दिला, विषाणूची वाचलेल्यांनी कारणे शोधून सामाजिक सुधारणा करण्यावर. विशेष म्हणजे निर्णय कशामुळे घेतला असे विचारल्यावर बहुतेकांनी मजकुरातील आकड्यांकडे बोट दाखवले. नंतरच्या काही संशोधकांना हा परिणाम इतका ठळक आढळला नाही, त्यामुळे एका उपमेने समाज फिरतो असे म्हणू नये. मात्र आपल्यावर कशाचा परिणाम झाला हे आपल्याला स्वतःला सांगता येतेच असे नाही, एवढी सावधगिरी त्यातून घ्यावी.

व्यवहारात करायचे ते असे: मजकुरातील प्रत्येक प्रतिमा खोडून तिथे ‘माणसे’ किंवा ‘कुटुंबे’ असा साधा शब्द लिहा आणि परिच्छेद पुन्हा वाचा. वर्गासाठी रचलेले हे वाक्य पाहा: ‘सीमेपलीकडून घुसखोरांचे लोंढे शहरावर आदळत असून भूमिपुत्रांच्या रोजगारावर गदा आली आहे.’ खोडाखोड केल्यावर उरते ते असे: ‘सीमेपलीकडून माणसे शहरात येत असून स्थानिकांचा रोजगार कमी झाला आहे.’ आता किती माणसे, किती काळात, कोणत्या व्यवसायातील रोजगार आणि तो कमी होण्याचे कारण हेच आहे का, असे चार प्रश्न स्वच्छ दिसतात. मूळ वाक्यात ते दिसत नव्हते. वाक्य खोटे ठरले असे नव्हे. ते प्रथमच तपासण्याजोगे झाले.

खरे छायाचित्र आणि न बोललेले विधान

छायाचित्र बनावट आहे का एवढेच पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. उलट्या प्रतिमाशोधाने जुने छायाचित्र नव्या घटनेला चिकटवलेले पकडता येते आणि ते करावेच. पण अस्सल छायाचित्रही दिशाभूल करू शकते. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयी ब्रिटनमध्ये २३ जून २०१६ रोजी सार्वमत झाले. त्याच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, यूके इंडिपेंडन्स पार्टीचे नेते नायजेल फराज यांनी एका भित्तीपत्रकाचे अनावरण केले. माणसांची न संपणारी रांग, त्यावर कडेलोटाची वेळ आल्याचे सांगणारे दोन ठळक शब्द, आणि खाली युरोपीय संघाने आपणा सर्वांना निराश केल्याचे वाक्य, असे त्याचे स्वरूप होते.

छायाचित्र खरे होते. ते ऑक्टोबर २०१५ मध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांच्या सीमेजवळ काढलेले होते आणि त्यातील निर्वासितांना पोलीस बंदोबस्तात छावणीकडे नेले जात होते. पत्रकावरील मजकुरातही खोटे ठरवता येईल असे फारसे काही नव्हते, आणि त्याची ताकद नेमकी यातच होती. आता न बोललेले विधान लिहून काढू: ही माणसे ब्रिटनकडे येत आहेत, आणि संघाचे सदस्यत्व हे त्याचे कारण आहे. हे कागदावर उतरले की ते टिकत नाही. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, कधीच नव्हता, त्यामुळे त्याच्या सीमेवर तपासणी होतीच. सदस्य देशांत निर्वासितांची वाटणी करण्याच्या २०१५ च्या योजनेतूनही तो बाहेर राहिला होता. स्लोव्हेनियातील रांगेचा आणि लंडनमधील मतपत्रिकेचा संबंध वाचणाऱ्याच्या मनाने जोडायचा होता, आणि मनाने स्वतः जोडलेल्या गोष्टीवर आपण सहसा शंका घेत नाही.

म्हणून कोणत्याही छायाचित्राखाली तीन गोष्टी लिहायची सवय लावावी: कुठले, कधीचे, आणि चौकटीबाहेर काय असेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही, तरीही तो विचारावा.

आकडे

आकड्यांपुढे वाचक उगाच नमतो. २०१५ मध्ये समुद्रमार्गे दहा लाखांहून अधिक लोक युरोपात पोहोचले हे खरे आहे. युरोपीय संघाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५० कोटी होती, म्हणजे दर पाचशे रहिवाशांमागे सुमारे एक नवा माणूस. हेही खरे आहे. त्याच सुमारास ५० लाखांच्या आतबाहेर मूळ लोकसंख्या असलेल्या लेबनॉनमध्ये दहा लाखांहून अधिक सीरियन निर्वासितांची नोंद होती. पहिला आकडा एकटा छापला तर भीती वाटते, दुसरा एकटा छापला तर भीती हास्यास्पद वाटते. ग्रीसच्या एखाद्या लहान बेटावर एका रात्रीत उतरलेल्या होड्यांचा ताण मात्र या दोन्हींत दिसत नाही. छेद, म्हणजे आकडा ज्याच्या तुलनेत मांडला ती संख्या, बदलला की निष्कर्ष बदलतो, म्हणून लेखकाने तोच छेद का निवडला हे विचारावे.

दुसरी तपासणी म्हणजे नेमके काय मोजले आहे. युरोपची सीमा-संस्था फ्रोन्टेक्स हिच्या आकड्यांप्रमाणे २०१५ मध्ये बाह्य सीमा बेकायदा ओलांडण्याच्या अठरा लाखांहून अधिक नोंदी झाल्या. पण त्या नोंदी होत्या, माणसे नव्हती. तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये शिरताना एकदा मोजलेला माणूस संघाबाहेरच्या बाल्कन देशांतून जाऊन पुन्हा हंगेरीत शिरताना दुसऱ्यांदा मोजला जात होता, आणि हे संस्थेने स्वतःच मान्य केले होते. मथळ्यांत मात्र नोंदींची माणसे झाली. आपल्याकडेही अर्ज, कुटुंबे आणि व्यक्ती, किंवा आजवर आलेले एकूण आणि या वर्षी आलेले, यांची अशीच गल्लत होते.

करुणेचा मजकूरही तपासावा

इथवरची उदाहरणे प्रामुख्याने विरोधाच्या भाषेची होती. पण करुणाही मन वळवते, आणि तिच्याकडे आपण अधिक विश्वासाने पाहतो. २ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर एका सीरियन कुर्द बालकाचा मृतदेह सापडला आणि त्याचे छायाचित्र जगभर गेले. पॉल स्लोविक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे सीरियन निर्वासितांसाठीच्या स्वीडिश रेड क्रॉसच्या निधीला रोज मिळणाऱ्या देणग्यांची संख्या त्यानंतरच्या आठवड्यात सुमारे शंभर पटींनी वाढली, आणि सहा आठवड्यांच्या आत ती लाट बरीचशी ओसरली. युद्ध त्याआधी चार वर्षे चालले होते आणि पुढेही चालूच राहिले.

दुसरी सहानुभूतीची रीत म्हणजे उपयुक्ततेची. ‘हे डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, आपल्या अर्थव्यवस्थेला हातभार लावतील.’ ती परिणामकारक आहे यात शंका नाही. युरोपातील १५ देशांतील सुमारे १८,००० लोकांवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना काम मिळण्याची शक्यता अधिक, ज्यांच्या जबानीत विसंगती नाही, ज्यांनी छळ सोसला आहे आणि जे मुसलमान नसून ख्रिस्ती आहेत, अशा काल्पनिक अर्जदारांना लोकांनी अधिक पसंती दिली. परंतु हे विधान लिहून पाहा: ज्याचा आपल्याला उपयोग आहे त्याला आसरा द्यावा. मग निरक्षर शेतमजुराचे काय? करार उपयुक्ततेविषयी काही बोलत नाही, तो छळाच्या भीतीविषयी बोलतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून लोक येऊ लागले तेव्हा बल्गेरियाचे तत्कालीन पंतप्रधान किरिल पेत्कोव्ह यांनी हे नेहमीचे निर्वासित नव्हेत, हे युरोपीय आहेत, हुशार आणि शिकलेले आहेत, अशा अर्थाचे उद्गार काढले. एका गटाचे स्वागत करणाऱ्या त्या वाक्याने दुसऱ्या गटाची पायरीही ठरवून टाकली.

कृतज्ञतेची गोष्टही याच जातीची. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळच्या वळीवडे येथील छावणीत राहिले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला भेट दिली तेव्हा मराठी माध्यमांत त्याची आठवण पुन्हा निघाली. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती आठवण आहे. पण ही व्यवस्था ब्रिटिश सरकार आणि लंडनमधून चालणारे परागंदा पोलिश सरकार यांच्या समझोत्यातून उभी राहिली होती, हा भाग यजमानांच्या औदार्याच्या गोष्टीत सहसा मागे पडतो.

जे सांगितले नाही ते

सर्वांत अवघड तपासणी मौनाची. १९७१ हे तिचे उत्तम उदाहरण आहे. २५ मार्चच्या लष्करी कारवाईनंतर पूर्व पाकिस्तानातून वर्षभरात सुमारे एक कोटी लोक भारतात आले. इंदिरा गांधींनी २४ मे रोजी लोकसभेत, पाकिस्तान ज्याला आपला अंतर्गत प्रश्न म्हणतो तो आता भारताचाही अंतर्गत प्रश्न झाला आहे, अशी मांडणी केली. आणि हे लोक तात्पुरते आलेले आहेत, ते परत जातील, हे सरकार सतत सांगत राहिले. नोव्हेंबरपासून टपालावर निर्वासित साहाय्यासाठी पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, म्हणजे सरकारचे आवाहन प्रत्येक पत्रासोबत घरात येत होते. या सगळ्यात एक गोष्ट मात्र मुद्दाम मागे ठेवली गेली: आलेल्यांत हिंदूंचे प्रमाण फार मोठे होते. ते ठळक केले तर देशात जातीय दंगे भडकतील आणि लोकशाहीसाठीच्या लढ्याला धार्मिक झगड्याचे रूप येईल, अशी सरकारला भीती होती.

हे मौन योग्य होते का, यावर आजही मतभेद होऊ शकतात. माझ्या मते त्या वर्षी त्याने दंगे टाळायला मदत केली असावी, आणि ज्यांचा छळ धर्मामुळे झाला त्यांच्या यातनांची नोंद मात्र त्याने पुसट केली. वाचकासाठी मुद्दा असा की हेतू चांगला असतानाही भाषा निवड करत असते. त्यामुळे मजकूर वाचून झाला की एक प्रश्न लिहावा: या माणसांविषयी कोणती साधी माहिती इथे अपेक्षित होती आणि ती नाही? वय, धर्म, येण्याचे कारण, यजमान गावाची अवस्था, आणि पुष्कळदा त्यांचे स्वतःचे एखादे वाक्य. सहा अधिकारी आणि दोन पुढारी बोलतात, निर्वासित एकही बोलत नाही, अशी बातमी कुठल्याही बाजूची असो, ती अपुरी समजावी.

विरोधाचा प्रत्येक शब्द द्वेषाचा मानण्याची चूकही टाळावी. फाळणीनंतर आणि पुढेही पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांमुळे त्रिपुरात आदिवासी अल्पसंख्य झाले. आसाममधील आंदोलन १९७९ ते १९८५ चालले आणि आसाम करारात परकीय कोणाला मानायचे याची मर्यादा म्हणून २५ मार्च १९७१ ही तारीख आली. जमीन, भाषा आणि प्रतिनिधित्व यांविषयीची ही तक्रार विधान म्हणून लिहिता येते आणि तपासताही येते. वाळवीची उपमा अशी तपासता येत नाही. विरोधाचे मत आणि विषारी भाषा यांत फरक करायचा तो इथे.

आपण लिहू तेव्हा

बातमी, निबंध किंवा आवाहन स्वतः लिहिताना कायदेशीर स्थिती ठाऊक असेल तेवढीच सांगावी: आश्रयासाठी अर्ज केलेले, नोंदणी झालेले, अर्ज फेटाळलेले. ठाऊक नसेल तर ‘अमुक देशातून आलेली माणसे’ हे वर्णन पुरेसे आहे. आकड्यासोबत काळ आणि छेद द्यावा. ‘त्यांना हाकलण्यात आले’ असे कर्ता लपवणारे वाक्य लिहिण्याऐवजी कोणी हाकलले ते लिहावे. गटावर आलेला भडक मजकूर दुरुस्त करायचा असेल तर तो पुन्हा उद्धृत करू नये, कारण खोडून काढतानाही आपण त्याचा प्रसार करतो. आधी खरी माहिती, मग थोडक्यात काय चुकले आहे ते, असा क्रम ठेवावा.

मुलाखत घेतली असेल तर नाव, गाव आणि चेहरा छापण्यापूर्वी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी, आणि तिचे आईवडील किंवा भावंडे अजून मागे त्या देशात आहेत का, हेही विचारावे. असतील, तर परवानगी मिळाली तरी गावाचे नाव गाळलेले बरे.